चौतीस सामन्यांची वॉच

श्री. सदानंद खंडेराव वाघमारे यांची आणि माझी पहिली भेट आपल्या या बेटाच्या टोकाला असलेल्या तुआसच्या शिपयार्डमध्ये, दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत घेतलेल्या एका तेलवाहू जहाजाच्या पोटात झाली. साहेब स्वतः सर्वांना सांगतात की आम्ही इथल्या आमच्या मंडळाच्या जयंतीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत भेटलो. ते बरोबर नाही. रांगेतली भेट दुसरी. पहिली ते विसरले आहेत, किंवा मला लाज वाटू नये म्हणून विसरल्यासारखे करतात. मी विसरलेलो नाही, म्हणून आधी तीच नोंदवतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, इस्लामपूरजवळच्या एका गावातून वर्क परमिटवर आलेला फिटर होतो. साहेब जहाजमालकांच्या वतीने दुरुस्तीवर देखरेख करणारे सुपरिंटेंडंट. इंजिनाच्या सहा बेअरिंगांमधली फट मोजून कागदावर लिहायची, एवढेच माझे काम. चार ठिकाणी हात पोहोचत होता. उरलेल्या दोन ठिकाणी तेलात आडवे होऊन आत शिरावे लागत होते आणि जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटे उरली होती. मी त्या दोघांपुढे शेजाऱ्यांचे आकडे लिहून टाकले. साहेबांनी कागद पाहिला. शेजारी यार्डचा चिनी फोरमन उभा होता. त्याला कळू नये म्हणून ते हसत हसत, मराठीत म्हणाले, "इतकं शहाणं इंजिन मी पंचवीस वर्षांत पाहिलं नाही. काय रे, मोजलंस की लिहिलंस?"

मी म्हटले, "चार मोजल्या. दोन लिहिल्या."

"मग दोन मोज. मी दिवा धरतो."

आणि सुपरिंटेंडंट माणूस पाऊण तास बोगद्यासारख्या त्या जागेत वाकून माझ्यासाठी दिवा धरून उभा राहिला. दोघांचेही जेवण बुडाले. फोरमनला त्यांनी काही सांगितले नाही, आणि त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत मलाही कधी ऐकवले नाही.

साहेबांनी मला घडवले, असे आमच्या मंडळातले लोक म्हणतात. इथेही एक दुरुस्ती. दहावीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. जे काही आले ते मी माझे मी शिकलो, आणि ही गोष्ट साहेबच सर्वांपुढे ठासून सांगतात. त्यांनी काय केले, तर बेडोक वस्तीतल्या त्यांच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकवरच्या म्हणजे मोकळ्या तळमजल्यावरच्या दगडी टेबलाशी, दर रविवारी एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल आणि एक शब्दकोश ठेवला आणि समोर बसून वर्तमानपत्र वाचले. मी अडलो की ते पान उलटत. "साहेब, हे कळत नाही," म्हटले की विचारत, "कुठून कळेनासं झालं?" ती जागा बोटाने दाखवता येईपर्यंत मला पुष्कळदा उत्तरही सापडलेले असे. मी आज स्वतः इन्स्पेक्टर म्हणून जहाजांवर जातो. कोणी शिकवले असे विचारले की मी म्हणतो, शिकलो मी, पण पहाऱ्याला एक गृहस्थ होते.

साहेबांच्या नोकरीचा सविस्तर आढावा त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी घेतला आहे. वडील मुंबईच्या गोदीत जहाजांचा गंज खरवडायचे काम करीत. मुलगा त्याच प्रकारच्या जहाजांवर चीफ इंजिनिअर झाला. हे एक वाक्य मला पुरेसे वाटते. मला लिहायचे आहे ते त्यांच्या एका तत्त्वाबद्दल, आणि गेल्या वर्षी एका फुटबॉलच्या हंगामाने त्या तत्त्वाची जी परीक्षा घेतली तिच्याबद्दल.

जहाजावर इंजिनरूममधली पाळी असते तिला आम्ही वॉच म्हणतो. वॉच ज्याची, इंजिन त्याचे. चीफ इंजिनिअरसुद्धा खाली उतरला तरी वॉचवरच्या माणसाला विचारल्याशिवाय एकाही चाकाला हात लावत नाही. साहेबांनी हा नियम किनाऱ्यावरही पाळला. एकदा आमच्या देखत एक नवे चीफ इंजिनिअर इंजिन सुरू करताना घामाघूम झाले होते. चूक कुठे आहे हे साहेबांना दिसत होते, मलाही दिसत होते. साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर हात मागे बांधून उभे राहिले. मी पुढे सरकलो तर माझी कॉलर धरली. "त्याने विचारलं तर सांगू. दुसऱ्याच्या इंजिनरूममध्ये आपण फोनसुद्धा करायचा नाही." सतरा मिनिटे लागली. इंजिन सुरू झाले. त्या सतरा मिनिटांत साहेबांची मागे बांधलेली बोटे पांढरी पडली होती, हे मी पाहिले. त्यांना काळजी वाटत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी ती बोटे पाहिलेली नाहीत.

साहेबांची एकुलती एक कन्या प्रज्ञा. बेडोकमध्येच वाढली, इथल्याच शाळेत शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली. इथल्या रुग्णालयातली चांगली नोकरी सोडून, जर्मन भाषा शिकून, तीन ठिकाणी बिनपगारी उमेदवारी करून ती जर्मन फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या एका क्लबात लागली. क्लबचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिची नोकरी आहे. आमच्यात त्याला 'बोट' म्हणतात, म्हणून इथेही बोटच म्हणतो. हा मजकूर मी तिला दाखवून घेतला आहे, शेवटचे दोन परिच्छेद सोडून.

या लीगमध्ये अठरा संघ. प्रत्येकाचे चौतीस सामने, ऑगस्ट ते मे. शेवटचे दोन संघ थेट तिसऱ्या श्रेणीत ढकलले जातात. सोळाव्याला खालच्या लीगमधल्या तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळून आपली जागा वाचवावी लागते. पंधरावा वाचतो. हे सगळे आम्हाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, प्रज्ञाने फोनवर, 'लाह' जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीमिश्रित बोलीत, सहज सांगितल्यासारखे सांगितले, "बाबा, माय कॉन्ट्रॅक्ट ओन्ली फॉर सेकंड डिव्हिजन. खाली गेलो तर फिनिश लाह. मग जॉब नाही, जॉब नाही तर तिथं राहता पण येत नाही."

तिच्या आई सुमनताई म्हणाल्या, "मग ये की घरी! इथे काय कमी आहे?"

मी तिथेच होतो. साहेबांनी फोन स्वतःकडे घेतला आणि विचारले, "पहिला सामना कधी?"

त्या शनिवारपासून साहेबांच्या फ्लॅटमध्ये आमची बैठक बसू लागली. साहेब, सुमनताई, मी आणि मरीन परेडच्या काँडोत राहणारे कॅप्टन नाईक. नाईक आणि साहेब तरुणपणी एकाच जहाजावर होते, एक वर ब्रिजवर आणि एक खाली इंजिनात, आणि तेव्हापासून एकमेकांची टिंगल हाच त्यांचा स्नेह. सामने आपल्या वेळेने बहुधा शनिवारी संध्याकाळी सातला. ऑक्टोबरअखेर जर्मनीतली घड्याळे एक तास मागे जातात, आपली जात नाहीत, म्हणून त्यानंतर आठला, आणि मार्चअखेर ती पुढे गेली की पुन्हा सातला. हे मी कागदावर लिहून फ्रिजवर लावले होते.

साहेबांना फुटबॉल कळत नव्हता. त्यांनी तो कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. "गोल कोणी करायचा ते ज्याचं त्याला माहीत. प्रज्ञाकडे पाय आहेत. आपण पाय बघू," असे म्हणून त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि इंजिनरूमच्या लॉगसारखे रकाने आखले. मिनिट, खेळाडू, निरीक्षण. कोण धावून आल्यावर गुडघ्यावर हात ठेवतो, कोणाची पावले शेवटच्या वीस मिनिटांत आखूड होतात. एकेका खेळाडूचे पान एकेकाकडे दिले. माझ्याकडे नऊ नंबर आला, गोल करणारा.

कॅप्टन नाईक म्हणाले, "बघा! एवढा चेंडू चाललाय समोर आणि हे इंजिनवाले बूट बघतायत."

"तुम्ही आयुष्यभर दुर्बिणीतून पाणी पाहिलंत. आम्ही काही बोललो?" साहेब म्हणाले. मग वहीवर हात ठेवून, माझ्याकडे पाहत, "एक लक्षात ठेवा. ही वही आपल्या जिवाला काम म्हणून आहे. घराबाहेर जाणार नाही. वॉच तिची आहे."

खरे तर ते काम त्यांच्याही जिवाला पुरत नव्हते. हाफटाइमची शिट्टी झाली की साहेब उठत, पान्हा घेत आणि घरातला कुठला तरी नळ खोलून बसत. वॉशर बदलायचा, परत लावायचा, दुसरा अर्ध सुरू व्हायच्या आत हात पुसून सोफ्याच्या टोकाला येऊन बसायचे. डिसेंबरपर्यंत बोट चौदाव्या-पंधराव्या जागेवर डुगडुगत होती आणि सुमनताई म्हणाल्या, "घरात आता एकही नळ राहिला नाही हो. आणि सामने निम्मे बाकी आहेत." त्यानंतर साहेब शेजारच्या वृद्ध चिनी आजींचे नळ दुरुस्त करू लागले. त्या आजींना जर्मन लीगचे वेळापत्रक पाठ झाले असावे. शनिवारी पावणेनऊला त्या दार उघडून उभ्या असत.

सुमनताईंनी एकदा सामन्याआधी बुद्धमूर्तीपुढे नेहमीपेक्षा दोन मेणबत्त्या जास्त लावल्या. साहेब म्हणाले, "अगं, त्यांनी तृष्णा सोडायला सांगितली आणि तू त्यांच्याकडे गोल मागतेस?"

"मी गोल मागत नाही. मी मुलगी मागते," ताई म्हणाल्या. त्या घरात आईला मुलगी घरी हवी होती आणि मुलीला तिथेच राहायचे होते, आणि साहेब दोघींच्या मध्ये सोफ्याच्या टोकाला बसलेले असत.

शरद ऋतूत नऊ नंबरच्या उजव्या मांडीचा स्नायू दुखावला होता. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर तो परतला, पण बोट काही वर येईना. एप्रिलमध्ये पंधरावी, मग सोळावी. प्रज्ञाचे फोन आखूड होत गेले. "ओके आहे बाबा," एवढेच. साहेब विचारत नसत. मी मात्र घरी जाऊन सामन्याचे रेकॉर्डिंग पुन्हा पाहू लागलो. चित्र थांबवायचे, मैदानावर कापलेल्या गवताचे जे फिके आणि गडद पट्टे असतात त्यांच्यावर नऊ नंबरचे पाऊल किती पडते ते प्लास्टिकच्या पट्टीने मोजायचे, आणि दोन रकान्यांत लिहून ते आकडे बैठकीत वहीतल्या माझ्या पानावर उतरवायचे. पोर्ट म्हणजे डावा, स्टारबोर्ड म्हणजे उजवा. तीन सामने मी असे मोजले. तिन्हींत एकच गोष्ट दिसली. पहिल्या अर्धात उजवे पाऊल लांब. दुसऱ्या अर्धात तेच उजवे पाऊल आखूड. दुखावलेला पाय. दर सामन्यात, त्याच वेळी.

माझी झोप उडाली. शेवटून तिसऱ्या सामन्याच्या आधीच्या गुरुवारी, साहेब आत औषध घेत असताना, मी वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि प्रज्ञाला पाठवला. खाली लिहिले, "उजवा पाय जातो आहे. तपासून घे." कोणाला सांगितले नाही. मला खात्री होती. मी मोजले होते.

शनिवारी संघाची यादी आली. नऊ नंबर नव्हता, राखीव खेळाडूंतही नव्हता. बोट एका गोलने हरली आणि सतराव्या जागेवर गेली. दोन सामने राहिले होते.

शिट्टी झाल्यावर खोलीत कोणी उठेना. सुमनताई आत गेल्या. कॅप्टन नाईक काहीतरी हातात असावे म्हणून वही चाळत बसले होते. माझ्या पानावर ते थांबले, चष्मा वर केला, आणि मला म्हणाले, "जाधव, ही बोट वळते की नाही?"

"म्हणजे?"

"पहिल्या अर्धात आपले पडद्यावर उजवीकडे पळतात. कॅमेऱ्याकडे कोणता पाय? उजवा. हाफटाइमला बाजू बदलतात. आता ते डावीकडे पळतात. कॅमेऱ्याकडे कोणता?"

मी पानावर बोट ठेवून रकाना पुन्हा वाचू लागलो.

"डावा, महाराज! आणि तुम्ही कॅमेऱ्याकडचा तो स्टारबोर्ड असंच शेवटपर्यंत लिहीत गेलात. म्हणजे या पोराचं डावं पाऊल जन्मापासून जरा आखूड आहे, एवढंच तुम्ही शोधलंत." ते हसले. "इंजिनवाल्यांना जहाज कुठल्या दिशेला चाललंय ते कधी कळलंय?"

एरवी मीही हसलो असतो. त्या दिवशी मी उठून चपला चढवल्या. बेडोकमधल्याच माझ्या घरापर्यंत दोन बसस्टॉप आहेत. ते मी चालत गेलो, कारण बसमध्ये स्थिर उभे राहता आले नसते. माझ्या खोट्या रकान्यामुळे तो मुलगा बाहेर बसला असेल, तर बोट माझ्यामुळे बुडत होती आणि प्रज्ञा माझ्यामुळे घरी येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी साहेबांच्या दारात उभा राहिलो आणि आत न जाता सगळे सांगून टाकले. फोटो, मेसेज, रकाना. साहेब ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारले.

"तिला कळवलंस, की रकाना चुकलाय?"

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला..."

"इथे चुकलास. वॉचवर ती आहे. आधी तिला, मग मला." त्यांनी घड्याळ पाहिले. "आता तिकडे पहाटेचे चार. झोपू दे. आठला उठते. आत ये."

जर्मनीत आठ म्हणजे आपल्याकडे दुपारी दोन. ते चार तास मी आयुष्यभर विसरणार नाही. साहेब एक शब्दही रागावले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राचे अर्धे माझ्या हातात दिले. सुमनताईंनी जेवायला बसवले. काही झाले आहे हे त्यांना कळले होते, काय ते त्यांनी विचारले नाही. मी भाकरी कुस्करत होतो. साहेब म्हणाले, "खा. उपाशी माणूस निरोप नीट देत नाही." त्यांचा आवाज नेहमीचा होता. पण वर्तमानपत्राचे तेच पान ते दीड तास धरून होते.

दोनला मी फोन लावला. साहेबांनी स्पीकर चालू करायला सांगितले. मी प्रज्ञाला रकान्याचे सांगितले, दोनदा, अगदी कॅमेरा कुठे असतो तिथपासून. मग ती म्हणाली, "अय्या काका! तुम्ही तीन मॅचेस रूलर घेऊन बसला?"

"तो खेळला नाही तो माझ्या मेसेजमुळे का?"

"कॅनॉट टेल लाह."

"निदान उजवा होता की डावा?"

"काका, प्लेअरचं मेडिकल आहे. कॅनॉट टेल यू, बाबांना पण नाही सांगत. आई विचारेल, तिला पण नाही." मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "पण एक सांगते, ओके? मी कोणाच्या आकड्यांच्या टेबलवर डिसाइड करत नाही. मी हात लावून बघते. तुम्ही पाठवलं, मी वाचलं. दॅट्स ऑल. आणि नेक्स्ट टाइम डोन्ट सेंड, हां."

मी काही बोलायच्या आत साहेब फोनकडे वाकून म्हणाले, "बरोबर बोललीस. ठेव आता, कामाला उशीर होईल."

फोन ठेवल्यावर त्यांनी वही घेतली. इंजिनच्या लॉगमध्ये चुकलेली नोंद खोडायची नसते, पान फाडायचे नसते. तिच्यावरून एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मी तिन्ही सामन्यांच्या नोंदींवर एकेक रेघ मारली, सह्या केल्या. वही परत दिली तर साहेबांनी माझ्या प्रत्येक सहीखाली आपली आद्याक्षरे घातली. मी म्हटले, "साहेब, चूक माझी आहे."

"वही माझ्या घरातली आहे," ते म्हणाले. "आणि नऊ नंबर तुझ्याकडेच राहील. पुढच्या शनिवारी वेळेवर ये."

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ केले. परमिटच्या अडचणीत ते माझ्यासोबत कार्यालयात जाऊन बसले आहेत, माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी गावच्या डॉक्टरांशी रोज फोनवर बोलणे ठेवले होते. पण मला विचाराल तर त्या तीन आद्याक्षरांएवढे मोठे काही नाही. तो मुलगा का बसला, हे मला आजही माहीत नाही. माहीत नसताना राहायचे कसे, हे मी त्या दुपारी साहेबांकडे पाहून थोडे शिकलो. या एका बाबतीत मला शिकवले असे म्हणायला माझी हरकत नाही.

पुढच्या शनिवारी नऊ नंबर यादीत होता. बोट जिंकली, सोळावी झाली. आता शेवटचा सामना. आपण जिंकलो आणि पंधरावा संघ जिंकला नाही, तरच सुटका. शेवटच्या दिवशी सगळे सामने एकाच वेळी असतात, रविवारी, आपल्याकडे रात्री साडेनऊला. कॅप्टन नाईकांनी आपल्या काँडोत मोठा पडदा लावतो म्हणून सांगितले. साहेबांनी नकार दिला.

"मी साडेनऊला झोपतो. मी बघून पाय मजबूत होणार नाहीत. तिची वॉच आहे. संपली की ती कळवेल."

"आणि तोवर?" नाईकांनी विचारले.

"तोवर कोणी मला काही सांगायचं नाही. विशेषतः या माणसाने," साहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले.

मी सामना घरी एकट्याने पाहिला. सोमवारी सकाळी सातला आम्ही बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, नेहमीच्या टेबलाशी कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेत बसलो. मला निकाल माहीत होता, त्यांना नव्हता. सुमनताईही आल्या होत्या. एरवी त्या येत नाहीत. टेबलाच्या मधोमध साहेबांचा फोन ठेवलेला.

"जाधवा, तोंड तिकडे कर," साहेब म्हणाले. "तुझं तोंड मला वाचता येतं."

मी उठून पाठमोरा बसलो आणि मासळीच्या दुकानाकडे पाहत राहिलो. मागून सुमनताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, नुसती मान हलवा." साहेब म्हणाले, "हलवली तर बघ." सव्वासातला फोन वाजला. तिकडे रात्रीचा सव्वा वाजला होता. बाबा सहाला उठतात, सातला कोपीला जातात, म्हणून ती तोवर जागी राहिली होती.

"बाबा? फिफ्टीन्थ. आय स्टे."

सुमनताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांनीच आधी फोन ओढून घेतला. "राहा बाई, राहा. पण सुट्टीला तरी ये."

"येते ना आई! जूनमध्ये. बाबांच्या फंक्शनला. टिकेट बुक केलं, आत्ताच."

"आत्ता? इतक्या रात्री?"

"आधी बुक केलं असतं तर कळलं नसतं ना, वन वे की रिटर्न."

साहेब तेवढ्यावर हसले. ऑगस्टपासूनचे ते त्यांचे पहिले मोकळे हसू होते, आणि मी तेव्हा पाठ वळवली होती म्हणून नुसते ऐकले. मग म्हणाले, "आता झोप," आणि फोन ठेवला. "मी आणतो कोपी. सगळ्यांना. आज कोणी उठू नका."

आता ते दोन परिच्छेद, जे प्रज्ञाने वाचलेले नाहीत. साहेब उठले तेव्हा मी वळून पाहत होतो. उठताना त्यांनी टेबलाची कड धरली. दुकानापर्यंत बावीस पावले आहेत. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, त्यांचा एक पाय पूर्ण टेकत नव्हता. हातातला ट्रे त्याच बाजूला कलत होता. मग मला एकेक आठवू लागले. सोफ्याचे टोक, कारण तिथे हाताला आधार आहे. मी ब्लॉकखाली असेन तर त्यांचे "तूच वर ये." मी दहा महिने हजारो मैलांवरच्या मुलांची पावले पाहत, शेवटी तर पट्टीने मोजत होतो आणि शेजारी बसलेल्या माणसाचे चालणे पाहिले नव्हते. विचारले तर ते म्हणाले, "काही नाही, जिन्यावर लचकला. हंगाम संपू दे म्हटलं, पोरीला आत्ताच कशाला." कधी लचकला, हे त्यांनी सांगितले नाही. कुणाला कळवायचे नाही, हे मात्र सांगितले.

दुसऱ्याच्या इंजिनरूममध्ये फोन करायचा नाही, हा साहेबांचा नियम मी एकदा मोडला आणि पस्तावलो. आज तो दुसऱ्यांदा मोडतो आहे, छापून, सर्वांसमोर. प्रज्ञा, बाबांचा उजवा गुडघा. त्यांचा उजवा, मी मागून चालत जाऊन, त्यांच्याच दिशेने तोंड करून, तीन वेगवेगळ्या दिवशी पाहिले आहे. माझ्या टेबलवर विश्वास ठेवू नकोस, हात लावून बघ. साहेबांना हे वाचून राग येईल हे मला माहीत आहे. तो यावा. आज पंच्याहत्तराव्या वर्षी यावा आणि शंभराव्या वर्षीही यावा, आणि दर वेळी मला तोंडावर चार शब्द सुनावण्यासाठी ते दोन बसस्टॉपांचे अंतर त्यांनी कशाचाही आधार न घेता चालत यावे. मी दार उघडे ठेवीन.